महाविद्यालयाच्या कार्यालयीन डेटाबेसची नित्याची निगा कशी राखावी?

नवा_कार्यभार :

नमस्कार. पुण्याच्या पेठांमधील एका जुन्या अनुदानित महाविद्यालयात मी संगणक प्रयोगशाळेचा सहायक आहे. कार्यालयाचा सर्व्हर सांभाळणारे आमचे ज्येष्ठ सहकारी मे महिन्याच्या अखेरीस सेवानिवृत्त झाले आणि प्राचार्यांनी तो कार्यभार माझ्याकडे दिला. प्रवेश, फी, परीक्षा अर्ज, शिष्यवृत्ती, बोनाफाईड, दाखले आणि कर्मचाऱ्यांच्या रजा हे सगळे एकाच मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये आहे. बाहेरच्या एका विक्रेत्याने २०१२ मध्ये ही प्रणाली बसवून दिली होती. त्याच्याशी असलेला देखभालीचा करार केव्हाच संपला आहे. सर्व्हरवरची मायएसक्यूएलची आवृत्ती ५.७ आहे.

कार्यभार घेताना मिळालेल्या कागदावर "रोज रात्री २ वाजता बॅकअप आपोआप होतो" एवढे एकच वाक्य होते आणि मी ते खरे मानले. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीची फी-सवलतीची नोंद चुकून पुसली गेली, म्हणून आदल्या रात्रीची फाइल उघडायला गेलो, तर ती अवघी २० बाइटची निघाली. त्याआधीच्या रात्रीचीही २० बाइटचीच. मागे मागे जात मार्चच्या मध्यापर्यंत पोहोचलो, तेव्हा कुठे पहिली भरलेली फाइल सापडली. त्या मुलीची नोंद कागदी अर्जावरून पुन्हा भरता आली. परंतु मधल्या साडेतीन महिन्यांत सर्व्हरची डिस्क निकामी झाली असती तर वर्षभराच्या फीचा हिशेब कोठून उभा केला असता, या विचाराने मला दोन रात्री झोप लागली नाही.

रोज, आठवड्याला, महिन्याला आणि वर्षाला कोणती कामे न चुकता करावीत, हे मला नीट ठरवायचे आहे. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

रात्रपाळी :

मी खराडीतील एका कंपनीत डेटाबेसच्या देखभालीचे काम करतो. २० बाइट हा आकडाच पुरेसे सांगून जातो, कारण रिकामा मजकूर पाइपमधून, म्हणजे एका आदेशाचे फलित पुढच्या आदेशाला देणाऱ्या जोडणीतून, जीझिप या फाइल आकसवणाऱ्या प्रोग्रॅमकडे दिला की नेमकी तेवढ्याच आकाराची फाइल तयार होते. म्हणजे डंप, अर्थात डेटाबेसची मजकूररूपी प्रत, घेणारा आदेश सुरू होताच चुकला, त्याच्या पुढच्या जीझिपने मात्र आपले काम निमूटपणे पूर्ण केले. आणि आदेश चालवणारे शेल हे पाइपमधल्या शेवटच्या आदेशाचाच निकाल ग्राह्य धरत असल्यामुळे ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या क्रॉनच्या लेखी रोजचे काम यशस्वी ठरत राहिले. मार्चमध्ये कोणी डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला, असे झाले आहे का ते पाहा. बॅश या शेलमध्ये पाइपफेल ही सोय चालू केल्यास मधला आदेश चुकला तरी संपूर्ण काम अयशस्वी ठरते. त्याशिवाय मायएसक्यूएलडंप आपल्या फाइलच्या अगदी शेवटी "डंप कम्प्लीटेड" अशा अर्थाची इंग्रजी ओळ लिहितो; ती ओळ नसेल तर फाइल अपुरी आहे असे समजून रात्रीच संदेश यावा, अशी व्यवस्था करा.

आणखी तीन गोष्टी आजच तपासा. पहिली, कोणते तक्ते इनोडीबी प्रकारचे आहेत आणि कोणते मायआयसॅम; मायएसक्यूएलमध्ये तक्ते साठवण्याच्या या दोन पद्धती आहेत. इनोडीबी हा ५.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून, वेगळे न सांगितल्यास मिळणारा प्रकार असला तरी जुन्या सवयीच्या विक्रेत्यांनी पुढेही अनेक तक्ते मायआयसॅममध्येच ठेवले. सिंगल ट्रान्झॅक्शन हा पर्याय वापरून घेतलेला डंप इनोडीबी तक्त्यांचे एकाच क्षणाचे चित्र देतो. मायआयसॅमच्या बाबतीत तशी हमी नसते, आणि पावत्यांचा तक्ता एका क्षणाचा व खतावणी दुसऱ्या क्षणाची असे घडू शकते. दुसरी, साठवलेल्या प्रक्रिया, म्हणजे डेटाबेसमध्येच ठेवलेले छोटे प्रोग्रॅम, आणि वेळेनुसार चालणारे इव्हेंट डंपमध्ये आपोआप येत नाहीत, ते मागून घ्यावे लागतात. तिसरी सर्वांत महत्त्वाची आहे. डंप कधीही चालू सर्व्हरवर परत चढवून पाहू नका. 'डेटाबेसेस' हा पर्याय वापरून घेतलेल्या डंपमध्ये तोच डेटाबेस निवडण्याचा आदेश असतो आणि प्रत्येक तक्त्याआधी जुना तक्ता काढून टाकण्याचाही असतो. चाचणी म्हणून तो चालू सर्व्हरवर चालवला, तर सकाळपासूनची सगळी पावती-नोंद क्षणात कालच्या रात्रीवर जाईल. प्रयोगशाळेतला एखादा जुना संगणक या कामासाठी वेगळा काढा.

तुम्ही एकटेच फसलात असे समजू नका. ३१ जानेवारी २०१७ रोजी प्रोग्रॅमचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब या मोठ्या सेवेच्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरचीच माहिती पुसली, आणि मग लक्षात आले की नेहमीचे बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे होतच नव्हते, शिवाय ते होत नसल्याचे सूचनामेलही कोणापर्यंत पोहोचत नव्हते. साधारण ६ तास आधी त्याच अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत होती, तीच कामी आली. हे सर्व त्यांनी स्वतः जाहीरपणे लिहून ठेवले आहे.

दप्तरदार :

मी ३४ वर्षे महाविद्यालयीन कार्यालयांत काम करून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. संगणकाचे आतले ज्ञान मला नाही, परंतु रात्रपाळी यांनी सांगितलेल्या चाचणीत एक बाजू राहून गेली आहे, ती मांडतो.

परत चढवलेला डेटाबेस "उघडला" म्हणजे तो बरोबर आहे, असे मानू नका. तक्त्यात किती ओळी आहेत हे मोजूनही समाधान करून घेऊ नका, कारण ओळी तेवढ्याच असून आतील रकमा चुकीच्या असू शकतात. कार्यालयातील रोकडवही घ्या. ज्या दिवशीचा डंप आहे त्याच्या आदल्या दिवसाची अखेरची बेरीज रोखपालाच्या सहीसह तिथे असते. परत चढवलेल्या डेटाबेसमधून त्याच दिवसाच्या पावत्यांची बेरीज काढा आणि दोन्ही आकडे रुपयाला रुपया जुळतात का ते पाहा. नंतर जनरल रजिस्टरची मनास येईल ती पाने उघडून पाच विद्यार्थी निवडा, आणि त्यांचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख व सोडल्याची तारीख ताडून पाहा. यात एखादे नाव यंदाच्या प्रवेशाचे, एखादे अगदी जुने आणि एखादे मध्येच शाखा बदललेल्या विद्यार्थ्याचे असावे, कारण गोंधळ बहुतेक वेळा अशाच नोंदींमध्ये असतो. ही पडताळणी तुम्ही एकट्याने न करता रोखपाल किंवा मुख्य लिपिक यांच्याबरोबर करा आणि एका वहीत तारीख घालून दोघांनी सही करा. यंत्राने यंत्राची खात्री दिल्यापेक्षा कागदाने यंत्राची खात्री देणे मला अधिक भरवशाचे वाटते.

वेळापत्रकाविषयीही सांगतो. संगणकवाले महिन्याचा पहिला रविवार, दुसरा शनिवार असे ठरवतात. कार्यालयाचे वर्ष तसे चालत नाही. प्रवेशाचे दिवस, परीक्षा अर्ज भरण्याची शेवटची तारीख आणि विलंब शुल्काचा पहिला दिवस, शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर पडताळण्याचा हंगाम, निकालानंतरचा दाखल्यांचा आठवडा आणि मार्चअखेर, या काळात प्रणालीला हात लावू नये. आवृत्ती बदलणे, तक्ते दुरुस्त करणे, नवे काही बसवणे ही कामे दिवाळीच्या सुट्टीत किंवा मे महिन्यात करावीत. याउलट त्याच गर्दीच्या दिवसांत बॅकअपची वारंवारता मात्र वाढवली पाहिजे, कारण प्रवेशाच्या एका दिवसात जेवढ्या पावत्या फाटतात तेवढ्या एरवी महिन्यातही फाटत नाहीत.

नवा_कार्यभार :

रात्रपाळी यांचे निदान अचूक निघाले. पासवर्ड १४ मार्चला बदलला होता. दप्तरदार काका, रोकडवहीशी ताळा घेण्याची कल्पना मला स्वतःहून कधीच सुचली नसती. तक्ते तपासले, त्यांतील ११ तक्ते मायआयसॅम आहेत आणि पावत्यांचा तक्ता त्यांपैकीच एक आहे.

मुठाकाठ :

पावत्यांचा तक्ता मायआयसॅम असल्याचे वाचून मला गुरुवारची आठवण झाली. आपल्याकडे वीजवाहिन्यांच्या देखभालीसाठी अनेक भागांत गुरुवारी वीज बंद ठेवतात हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेली तर इनोडीबी आपल्या नोंद-फाइलवरून पुन्हा उभा राहताना स्वतःच सावरतो. मायआयसॅम तक्ता बिघडू शकतो आणि तो हाताने दुरुस्त करावा लागतो. यूपीएसच्या बॅटऱ्या दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष भार देऊन तपासा, आणि यूपीएसला जोडलेली ती छोटी तार सर्व्हरपर्यंत गेली आहे का ते बघा, म्हणजे बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर आपोआप रीतसर बंद होईल. बहुतेक ठिकाणी ती तार खोक्यातच राहिलेली असते.

आता जागेविषयी. सर्व्हर तळमजल्यावर किंवा तळघरात आहे का? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याचे पाणी जिथे शिरले, त्यांतील कित्येक ठिकाणी त्याआधी कधी पाणी आल्याचे कोणाला आठवत नव्हते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यावर नदीकाठच्या पेठांचे काय झाले हे तर आमच्या घरात आजही सांगितले जाते. दुसऱ्या डिस्कवर ठेवलेली प्रत त्याच खोलीत असेल, तर पाणी, आग, चोरी आणि विजेचा दाब यांच्या दृष्टीने ती एकच प्रत आहे. आठवड्यातून एकदा एक प्रत नदी आणि ओढा यांपासून दूर, उंचावरच्या दुसऱ्या इमारतीत गेली पाहिजे. संस्थेची दुसरी शाखा असेल तर उत्तम. प्रत नेण्याआधी ती सांकेतिक करून कुलूपबंद करा आणि तिची किल्ली, म्हणजे पासवर्ड, बंद पाकिटात प्राचार्यांच्या तिजोरीत ठेवा. किल्ली आणि प्रत एकाच पिशवीत नेऊ नयेत.

परीक्षा_विभाग :

मी चिंचवडमधील एका महाविद्यालयात परीक्षा विभागात वरिष्ठ लिपिक आहे. बॅकअपविषयी सर्वांनी चांगले लिहिले आहे, पण नित्याच्या कामांत एक काम असे आहे की जे कोणत्याही यादीत नसते आणि ज्याच्या अभावी मला दर सत्राला आठवडाभर जागे राहावे लागते. ते म्हणजे नावांची शुद्धता.

तीन वर्षांपूर्वी बोऱ्हाडे आडनावाचा एक विद्यार्थी खिडकीवर आला. फी भरल्याची पावती त्याच्या हातात होती, परंतु परीक्षा अर्जांच्या यादीत फी थकीत दिसत होती. मी आडनाव टाइप करून शोधले, तर एकच नोंद आली आणि तिच्यात फी नव्हती. पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांनी तेच आडनाव त्यांच्या संगणकावर शोधले, तर त्यांनाही एकच नोंद आली आणि तिच्यात फी होती. पडद्यावर दोन्ही नावे डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसत होती. आमच्या संगणक विभागातील एका प्राध्यापिकेने अक्षरांचे क्रमांक काढून दाखवले, तेव्हा उलगडा झाला. मी इनस्क्रिप्ट कळफलक वापरते, त्यात ऱ हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून जाते. सहकारी इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारी सोय वापरत, ती साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह अशी तीन चिन्हे टाकत होती. र खाली नुक्ता देऊन तोच आकार मिळवण्याची तिसरीही पद्धत आहे. कऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे, बोऱ्हाडे या सर्वांच्या नावांत हा धोका आहे. असाच घोळ ॲ या अक्षराचा होतो. ते युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आले, त्यामुळे आधीच्या सवयीचे लोक अ वर चंद्र देऊन ते लिहितात.

एका मुलाच्या दोन नोंदी होतात, फी एकीवर जाते, परीक्षा अर्ज दुसरीवर जातो, आणि प्रवेशपत्र न मिळाल्यामुळे रडकुंडीला आलेला मुलगा आमच्यासमोर उभा राहतो. त्याची काहीही चूक नसते. म्हणून परीक्षा अर्ज सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी जन्मतारीख आणि आईचे नाव सारखे असलेल्या जोड्या काढून आम्ही त्या हाताने तपासतो. शोधही नावावरून न करता पीआरएनवरून, म्हणजे विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकावरून, करण्याचा आग्रह धरतो.

दुसरी व्यथा एक्सेलची. विद्यापीठाला किंवा शिष्यवृत्तीसाठी पाठवायच्या याद्या डेटाबेसमधून काढून एक्सेलमध्ये उघडल्या जातात आणि काही दुरुस्ती करून तिथूनच परत भरल्या जातात. एक्सेल ११ अंकांपेक्षा मोठी संख्या नेहमीच्या स्वरूपात असेल तर घातांकात दाखवते, आणि तशीच सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, म्हणून जतन केली की शेवटचे अंक कायमचे जातात. १५ अंकांपुढचे अंक तर ती शून्य करून टाकते. आधार क्रमांक १२ अंकी असतो, बँक खात्याचे क्रमांक त्याहून मोठे असू शकतात, आणि काही खाते क्रमांकांच्या सुरुवातीचे शून्यही गळून पडते. एका वर्षी आमच्याकडे शिष्यवृत्तीच्या कित्येक अर्जांत खाते क्रमांक असेच बिघडले होते. हे स्तंभ मजकूर म्हणूनच आयात करावेत, आणि शक्य असेल तर एक्सेलमधून डेटाबेसकडे परतीचा रस्ताच बंद ठेवावा.

रात्रपाळी :

परीक्षा विभागातील ताईंनी सांगितलेला ऱ चा मुद्दा फार मोलाचा आहे. इतकी वर्षे या कामात असून मी तो कधी नीट पाहिला नव्हता, म्हणून काल घरी प्रयोग करून पाहिला. ५.७ आवृत्तीत युटीएफ-८ स्तंभांना मुळात मिळणारी जनरल सीआय ही तुलना-पद्धत एकेक चिन्ह समोरासमोर ठेवून बघते, त्यामुळे हे तिन्ही प्रकार तिला वेगवेगळे दिसतात. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एका ठरलेल्या रूपात आणणे, केले की र आणि नुक्ता ही जोडी ऱ मध्ये मिसळते, परंतु न दिसणाऱ्या जोडचिन्हाचा प्रकार त्याने सुटत नाही; तो स्वतंत्रपणे शोधून बदलावा लागतो. मायएसक्यूएलमध्ये सामान्यीकरणाचे फंक्शन नाही, तेव्हा हे काम माहिती भरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, नोंद जतन होण्यापूर्वी झाले पाहिजे. पोस्टग्रेएसक्यूएल ही दुसरी डेटाबेस प्रणाली वापरणाऱ्यांना १३ व्या आवृत्तीपासून नॉर्मलाइझ हे फंक्शन उपलब्ध आहे.

याच ओघात प्रणाली २०१२ ची असल्याने एक शंका. सर्व मराठी मजकूर खरोखर युनिकोडमध्ये आहे ना? त्या काळात काही कार्यालयांत जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच डेटाबेसमध्ये जाई. फॉन्ट बदलला की त्याची निरर्थक इंग्रजी अक्षरे होतात. दुसरा प्रकार असा की स्तंभ लॅटिन म्हणून घोषित आहे, आत मात्र युनिकोडचे बाइट आहेत, आणि जुना प्रोग्रॅम दोन्ही वेळा तीच चूक करत असल्यामुळे पडद्यावर सर्व ठीक दिसते. अशा डेटाबेसचा डंप नेहमीच्या पद्धतीने घेऊन दुसरीकडे चढवला की सगळी नावे भ्रष्ट दिसतात. तेव्हा काकांनी सांगितलेल्या पाच नावांमध्ये देवनागरी नावे असलीच पाहिजेत.

५.७ चा पाठिंबा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला आहे, त्यामुळे पुढच्या आवृत्तीकडे जावे लागेलच. पण ते काम दिवाळीच्या सुट्टीत, आणि आधी वेगळ्या संगणकावर पूर्ण करून पाहिल्यानंतर.

नवा_कार्यभार :

आमच्या कार्यालयात सहा लिपिक आहेत आणि सर्वजण "ऑफिस" या एकाच नावाने प्रणालीत येतात. पासवर्ड कळफलकाच्या पाठीमागे चिकटवलेला आहे. मला हे बदलायचे आहे, पण खिडकीवर रांग असताना काम अडेल अशी सर्वांना भीती वाटते. शिवाय नोंदी पुसण्याचा अधिकारही सर्वांना आहे. त्या विद्यार्थिनीची सवलत कोणी पुसली हे आजही कळलेले नाही, आणि मला ते कोणाला दोष देण्यासाठी नको असून चूक कशी झाली हे समजण्यासाठी हवे आहे.

रात्रपाळी :

प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्या, पुसण्याचा अधिकार सरसकट काढून घ्या आणि चालू वर्ष वगळता मागील वर्षांच्या नोंदी लिपिकांना फक्त पाहता येतील असे करा. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने काढलेल्या निर्देशांत प्रणालींच्या कामकाजाच्या नोंदी (लॉग) १८० दिवस जपण्यास, सर्व यंत्रांची घड्याळे ठरलेल्या वेळ-सेवेशी जुळती ठेवण्यास आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवण्यास सांगितले आहे. आपली संस्था कोणत्या व्याख्येत बसते याचा काथ्याकूट न करता हे तिन्ही नियम पाळावेत, कारण घड्याळ सात मिनिटे मागे असलेल्या सर्व्हरवरून काय केव्हा घडले हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

दप्तरदार :

स्वतंत्र खात्यांविषयी मी पूर्ण सहमत आहे. मागील वर्षांच्या नोंदी गोठवण्याला मात्र माझा आक्षेप आहे. जुन्या विद्यार्थ्याचा दाखला दुसऱ्यांदा द्यावा लागतो, अनामत रक्कम परत करावी लागते, मागच्या वर्षीची शिष्यवृत्ती यंदा जमा होऊन थकबाकी कमी होते; हे अपवाद नाहीत, ही आमची रोजची कामे आहेत. प्रत्येक वेळी लिपिकाने प्रयोगशाळेत येऊन विनंती करायची असे ठरले, तर दोन महिन्यांत कोणीतरी तुमचा पासवर्ड मागून घेईल आणि मूळ दुखणे परत येईल.

कागदी पावतीपुस्तकाचा नियम पाहा. पावती चुकली तर ती कोणी फाडून फेकत नाही. तिच्यावर तांबड्या शाईने "रद्द" लिहून सही करतात, विद्यार्थ्याकडची प्रत परत घेऊन स्थळप्रतीला जोडतात आणि नवी पावती पुढच्या क्रमांकाने फाडतात. लेखापरीक्षक क्रमांक मोजतो. एखादा क्रमांक गहाळ असेल तर त्याचे उत्तर द्यावे लागते. जनरल रजिस्टरमध्येही खोडरबर चालत नाही. चुकीच्या शब्दावर एक आडवी रेघ, वर दुरुस्ती, आणि कोणत्या आदेशाने केली त्याचा संदर्भ असतो. डेटाबेसमध्ये हेच करता येणार नाही का? पुसण्याचा अधिकार कोणालाच नको, अगदी तुम्हालाही नको. रद्द करण्याचा अधिकार सर्वांना असावा, आणि रद्द कोणी, केव्हा व कशासाठी केले हे लिहिल्याशिवाय ती नोंद पुढे सरकू नये.

रात्रपाळी :

काका, आपले म्हणणे माझ्या सूचनेपेक्षा चांगले आहे आणि ते सहज करता येण्याजोगे आहे. तक्त्यावर ट्रिगर, म्हणजे बदल होताना आपोआप चालणारा आदेश, बसवला की प्रत्येक बदलाआधीची जुनी नोंद, बदलणाऱ्याचे नाव आणि वेळ वेगळ्या तक्त्यात जाते. मी मागे घेतो; जुनी वर्षे गोठवू नका. एकच अडचण आहे: वेब प्रणाली जर सर्वांसाठी एकाच डेटाबेस-खात्याने जोडत असेल तर ट्रिगरला माणूस कळणार नाही, म्हणून प्रणालीने जोडणी करताना लिपिकाचे नाव एका चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवले पाहिजे. विक्रेता नसेल तर एवढी दुरुस्ती तुमच्या विभागातील कोणी जाणकार करू शकेल.

थेट डेटाबेसवर दुरुस्ती करण्याची वेळ तुमच्यावर आली, तर आधी त्याच अटीने मोजणी करा, किती ओळी बदलणार ते कागदावर लिहा, मग व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे पक्का करेपर्यंत मागे घेता येणारा बदलांचा गट) सुरू करून बदल करा. सर्व्हरने सांगितलेला आकडा कागदावरच्या आकड्याशी जुळला तरच व्यवहार पक्का करा. अट लिहायची राहिली म्हणून सगळ्या विद्यार्थ्यांची फी एकाच आकड्याची झालेली मी पाहिली आहे. लक्षात ठेवा, मायआयसॅम तक्त्यावर व्यवहार मागे घेता येत नाही.

मुठाकाठ :

आधार क्रमांकांविषयी थोडेसे. ते पूर्ण स्वरूपात सहा टेबलांवर दिसण्याची गरज नसते. पडद्यावर शेवटचे ४ अंक पुरेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न राखल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि त्या कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते, म्हणजे अकरावी-बारावीची जवळजवळ सगळी मुले त्यात येतात. पेन ड्राइव्हवर उघडी पडलेली जुनी डंप-फाइल ही त्याच मुलांची माहिती आहे, हे विसरू नये. किती जुने डंप ठेवायचे ते ठरवा आणि बाकीचे खरोखर नष्ट करा.

परीक्षा_विभाग :

आणखी एक विनंती. नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव आणि आडनाव हे चार वेगळे स्तंभ ठेवा, जोडून एका स्तंभात लिहू नका. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम राज्याने ठरवला आहे. ती मुले आपल्याकडे यायला बराच अवकाश आहे, पण दाखला छापताना क्रम बदलणे तेव्हा कोणालातरी एका ओळीत जमले पाहिजे.

नवा_कार्यभार :

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. गेल्या शनिवारी पहिली पूर्ण चाचणी झाली. प्रयोगशाळेतील एका जुन्या संगणकावर डंप चढवायला १ तास १० मिनिटे लागली. रोखपाल मॅडम रोकडवही घेऊन बसल्या आणि बेरीज ४५० रुपयांनी कमी आली. शोधता शोधता कळले की डंप रात्री दोनला नव्हे, तर सायंकाळी पाचच्या सुमारास मी हाताने घेतलेला होता आणि त्याच वेळी खिडकीवर शेवटची एक पावती फाटत होती. खतावणीत ती होती, पावत्यांच्या तक्त्यात नव्हती. रात्रपाळी यांनी मायआयसॅमविषयी जे लिहिले होते ते इतक्या लवकर प्रत्यक्ष दिसेल असे वाटले नव्हते. त्या ११ तक्त्यांचे रूपांतर आधी याच जुन्या संगणकावर करून पाहतो आहे. चालू सर्व्हरवर ते दिवाळीच्या सुट्टीत होईल, आणि तोपर्यंत डंपच्या वेळी तक्ते कुलूपबंद करण्याचा पर्याय वापरणार आहे. रजिस्टरमधील पाच नावांपैकी चार जुळली. पाचवे नाव कऱ्हाडे होते.

बॅकअप आता रात्री दोनला आणि प्रवेश संपेपर्यंत दुपारी दीडलाही होतो. शेवटची ओळ नसेल किंवा आकार आदल्या दिवसापेक्षा कमी असेल, तर माझ्या आणि अधीक्षकांच्या फोनवर संदेश येतो. तो संदेश खरोखर पोहोचतो का हे पाहण्यासाठी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी मुद्दाम चुकीचा पासवर्ड देऊन एक चाचणी-डंप चालवणार आहे. शनिवारची प्रत कोथरूडच्या शाखेत तिसऱ्या मजल्यावर जाते. सहा लिपिकांपैकी चौघांची स्वतंत्र खाती सुरू झाली. उरलेल्या दोघांनी परीक्षा अर्जांची मुदत संपेपर्यंत थांबण्याची विनंती केली आहे आणि ती मला रास्त वाटली. पडताळणीच्या वहीच्या पहिल्या पानावर रोखपाल मॅडमची आणि माझी सही आहे, आणि त्याखाली ४५० रुपयांची नोंद कारणासह लिहिली आहे.

उद्या गुरुवार असून आमच्या भागात सकाळी दहापासून वीज बंद राहणार असल्याची सूचना आली आहे. यूपीएसची तार खोक्यातच होती, ती आज जोडली. तरीही उद्या मी साडेनऊलाच सर्व्हर हाताने बंद करणार आहे, आणि वीज आल्यावर तो वर आला की पावत्यांचा तक्ता तपासूनच खिडकी उघडायला सांगणार आहे.